फायबर पोस्ट सुटू नये म्हणून: कॅनालमधलं बाँडिंग, टप्प्याटप्प्याने

काही वर्षांपूर्वी एका पेशंटने रुमालात गुंडाळून आपला क्राउन आणून माझ्या हातात दिला. वरच्या लॅटरल इन्सायझरचा. क्राउनच्या (दातावरच्या टोपीच्या) आत कोअर, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी उभारलेला गाभा, कोअरमधून बाहेर आलेली फायबर पोस्ट, म्हणजे मुळाच्या कॅनालमध्ये बसवायची बारीक काडी, सगळं एकसंध. आठ महिन्यांपूर्वी मीच बसवलेलं. लूप्स लावून पाहिलं तर पोस्टवरचा सिमेंटचा थर टोकापर्यंत शाबूत होता, कुठे कपचाही उडालेला नव्हता. पण त्या थराच्या बाहेरच्या अंगाला फिकट गुलाबी छटा होती. प्रोबच्या टोकाने खरवडलं तर त्याची बारीक वळकटी निघाली. तो गटापर्चा होता, कॅनाल भरायचा रबरासारखा पदार्थ. सिमेंटने पोस्ट घट्ट धरून ठेवली होती, दाताला मात्र त्याचा स्पर्शच झाला नव्हता. भिंतीवर मागे राहिलेल्या गटापर्चाच्या आणि सीलरच्या (त्याच्याबरोबर भरतात त्या लेपाच्या) पापुद्र्याला ते चिकटलं होतं, आणि तो पापुद्रा सुटला तेव्हा सगळंच सुटलं.

तेव्हापासून पोस्ट बसवायच्या भेटीतला माझा निम्म्याहून जास्त वेळ भिंत साफ करण्यात आणि ती खरंच साफ झाली का हे बघण्यात जातो. सिमेंट उघडल्यानंतरचं काम पाच-सात मिनिटांचं असतं. पुढे जे लिहिलं आहे त्यातही म्हणूनच साफसफाईला जास्त जागा दिली आहे. रूट कॅनाल करणाऱ्या, पण पोस्ट बसवताना अजून हात थोडा अडखळणाऱ्या इंटर्न आणि तरुण डेंटिस्टसाठी हे लिहिते आहे.

आधी ठरवा, पोस्ट हवी आहे का

पोस्टने दाताचं मूळ मजबूत होत नाही. हा गैरसमज पेशंटच्या मनात असतोच, पण कधीकधी आपल्याही मनात असतो. पोस्टचं काम एकच: कोअरला धरून ठेवणं. वरच्या भागात कोअर टिकेल इतकं दाताचं अंग शिल्लक असेल, तर पोस्टसाठी आणखी डेंटिन (इनॅमलखालचं दाताचं मुख्य अंग) पोखरणं म्हणजे दात कमजोर करणं. मोलरमध्ये पल्प चेंबरच कोअरला चांगला आधार देतो, त्यामुळे तिथे पोस्टची गरज क्वचित पडते. पडलीच तर वरच्या मोलरचा पॅलेटल आणि खालच्या मोलरचा डिस्टल कॅनाल निवडावा, कारण ते सरळ आणि रुंद असतात. खालच्या मोलरच्या मिझियल मुळात ड्रिल घालूच नये. फर्केशनकडची (मुळं फुटतात त्या बाजूची) त्याची भिंत इतकी पातळ असते की ड्रिल कधी आरपार गेलं ते कळतही नाही. वरच्या पहिल्या प्रीमोलरचं बकल मूळही तसंच, त्याच्या आतल्या अंगाला खळगा असतो आणि तो एक्सरेत दिसत नाही.

दुसरा प्रश्न फेरूलचा. क्राउनची कड ज्या ठिकाणी बसेल, तिच्यावर किमान १.५ ते २ मिमी उंचीची आणि साधारण १ मिमी जाडीची निरोगी डेंटिनची भिंत सभोवार हवी. क्राउन दाताला कडं घालतो तो या भिंतीवर. फेरूल नसेल तर प्रत्येक घास चावताना कोअर डोलतो आणि तो सगळा ताण सिमेंटच्या थरावर येतो. कितीही निगुतीने बाँडिंग केलं तरी रोजचं ते डोलणं त्याला सोसवत नाही. अशा वेळी आधी क्राउन लेंग्थनिंग (हिरडी-हाड खाली घेणं) किंवा ऑर्थोडॉन्टिक एक्स्ट्रूजनचा (दात हळूहळू बाहेर ओढण्याचा) विचार करावा, आणि तेही शक्य नसेल तर पेशंटला तसं स्पष्ट सांगावं. सुटून आलेल्या पोस्ट पाहताना मी सर्वात आधी फेरूल मोजते, सिमेंटचं नाव नंतर विचारते.

फायबरच का

फायबर पोस्ट १९९० च्या सुमारास फ्रान्समध्ये प्रथम वापरात आल्या. तेव्हा त्या कार्बन फायबरच्या होत्या, काळ्या रंगाच्या, आणि सिरॅमिक क्राउनमधून सावली दाखवायच्या. नंतर क्वार्ट्झ आणि ग्लास फायबर आले. पोस्टच्या लांबीला समांतर हजारो तंतू आणि त्यांना बांधून ठेवणारं इपॉक्सी किंवा मेथाक्रिलेट रेझिन, अशी तिची रचना असते.

या पोस्टचा मुख्य गुण तिच्या लवचिकतेत आहे. डेंटिनचा इलॅस्टिक मॉड्युलस (ताठरपणाचं माप) सुमारे १८ गिगापास्कल, फायबर पोस्टचा साधारण २० ते ४०, टायटॅनियमचा सुमारे ११० आणि स्टेनलेस स्टीलचा सुमारे २००. धातूची पोस्ट वाकत नाही, ती ताण मुळाकडे ढकलते आणि मूळ उभं तडकतं. तडकलेलं मूळ काढावंच लागतं. फायबर पोस्ट दाताबरोबर थोडी लवते, आणि बिघाड झालाच तर बहुतेक वेळा ती सुटते किंवा मोडते, दात वाचतो. माझ्या त्या पेशंटचा दातही वाचला. पण धातूच्या पोस्टसारखा घट्ट बसण्याचा भरवसा फायबरला नाही. तिची सगळी मदार बाँडिंगवर.

कॅनालमध्ये बाँडिंग अवघड का जातं

१९८२ मध्ये जपानच्या नाकाबायाशी यांनी हायब्रिड लेयर दाखवून दिला. आम्लाने उघड्या पडलेल्या कोलॅजनच्या जाळीत रेझिन शिरतं, तिथेच घट्ट होतं आणि दोन्ही एकमेकांत गुंतून जातात. वरच्या दातात हे घडवून आणायला आपल्याकडे प्रकाश असतो, जागा असते, डोळ्यांना सगळं दिसतं. कॅनालमध्ये यातलं काहीच पुरेसं नसतं. एपेक्सकडे (मुळाच्या टोकाकडे) जाताना डेंटिनल ट्यूब्यूल (डेंटिनमधल्या सूक्ष्म नळ्या) विरळ होतात, प्रकाश कमी पोचतो, पाणी साचतं, हवा अडकते.

त्यात आकसण्याची भर. रेझिन सिमेंट घट्ट होताना आकसतं. आकसताना त्याला वाहून ताण सोडायला मोकळा पृष्ठभाग लागतो. चिकटलेला पृष्ठभाग भागिले मोकळा पृष्ठभाग म्हणजे सी-फॅक्टर. चौकोनी डब्यासारख्या क्लास वन पोकळीत पाच भिंती चिकटलेल्या आणि एक मोकळी, म्हणून तो ५. आता १० मिमी खोल आणि १.५ मिमी व्यासाचा पोस्टचा खड्डा घ्या, त्यात १.३ मिमीची पोस्ट. कॅनालची भिंत सुमारे ४७ चौरस मिमी, पोस्टची बाजू सुमारे ४१, आणि मोकळी असते ती फक्त तोंडाशी दिसणारी सिमेंटची बारीक कडी, अर्धा चौरस मिमीसुद्धा नाही. गुणोत्तर सुमारे २०० येतं. इतक्या ताणाखाली जिथे भिंत मळकट असेल तिथूनच सिमेंट आधी सुटतं. म्हणून जाड थर सोडला की आराम मिळेल असं मानू नये. जाड थरात आकसणारं सिमेंटच जास्त असतं आणि बुडबुडेही जास्त अडकतात. पोस्ट कॅनालमध्ये अंगाबरोबर बसणारी हवी, पण कोंबून बसवलेली नको.

कॅनाल भरतानाच पोस्टचा विचार

पोस्ट बसवायची हे आधीच ठरलं असेल, तर युजेनॉल (लवंगतेलातला घटक) असलेला सीलर टाळावा. युजेनॉल रेझिनचं पॉलिमरायझेशन (घट्ट होणं) रोखतं, आणि ट्यूब्यूलमध्ये शिरलेलं युजेनॉल वरवर पुसून जात नाही. रेझिन सीलर किंवा कॅल्शियम सिलिकेट सीलर चालतो. तोच नियम तात्पुरत्या फिलिंगलाही लावावा. दोन भेटींच्या मध्ये झिंक ऑक्साइड युजेनॉल भरून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी बाँडिंगकडून अपेक्षा करायची, हे जमत नाही.

शक्य असेल तेव्हा मी ऑब्च्युरेशन (कॅनाल भरणं) आणि पोस्टची जागा एकाच भेटीत करते. कॅनालचं वळण, लांबी, संदर्भबिंदू सगळं ताजं असतं, रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावलेलाच असतो, आणि मधल्या दिवसांत लाळ शिरण्याची भीती राहत नाही. तापवलेल्या प्लगरने गटापर्चा खाली उतरवत नेता येतो, त्यामुळे तळाचा सीलही हलत नाही. जुना, बाहेर दुसरीकडे भरलेला कॅनाल असेल तर आधी एक्सरे नीट पाहावा. ज्या भरणीवर विश्वास नाही तिच्यावर पोस्ट उभी करू नये.

लांबीचा हिशोब

तळाशी ४ ते ५ मिमी गटापर्चा राहिलाच पाहिजे. मी ५ धरते. उदाहरण घेऊ. दात हिरडीच्या वर २ मिमी उरला आहे आणि त्या कडेपासून वर्किंग लेंग्थ (कॅनालच्या तळापर्यंतची लांबी) १५ मिमी आहे. ५ वजा केले की पोस्टचा खड्डा कडेपासून १० मिमी. त्यातले २ हिरडीच्या वर. हाड हिरडीच्या कडेपासून आणखी दोनेक मिमी खाली सुरू होतं असं धरलं, तर हाडाच्या आत पोस्ट ६ मिमी जाते. हाडात असलेलं मूळ ११-१२ मिमी असेल तर पोस्ट त्याच्या निम्म्यापर्यंत पोचली, आणि ते पुरेसं आहे. धातूच्या पोस्टच्या काळातला दोन तृतीयांश मुळाचा आग्रह बाँडिंग केलेल्या फायबर पोस्टला तितकासा लागू होत नाही. खूप खोल गेल्याने तसाही फायदा कमी, कारण तळाच्या तिसऱ्या भागात बाँडिंग सर्वात कच्चं असतं.

जाडीचा नियम मात्र पाळायचाच. पोस्ट मुळाच्या व्यासाच्या एक तृतीयांशापेक्षा जाड नको आणि तिच्याभोवती सगळीकडे किमान १ मिमी डेंटिन हवं. शंका आली की बारीक पोस्ट घ्यावी.

गटापर्चा काढणं आणि खड्डा तयार करणं

रबर डॅम लावा, क्लॅम्प बसत नसेल तर शेजारच्या दातावर लावून डॅम ताणून घ्या. या टप्प्याला कापसाचे बोळे चालत नाहीत. लाळ सोडा, पेशंटच्या श्वासातली वाफसुद्धा भिंतीवर बसते.

वरचा गटापर्चा तापवलेल्या प्लगरने काढून वाट मोकळी करा. मग पीझो रीमर, रबर स्टॉपर लावून, कमी गतीने. पीझोचा पहिला नंबर ०.७ मिमी आणि पुढे प्रत्येक नंबरला ०.२ मिमी वाढ, म्हणजे दुसरा ०.९, तिसरा १.१. हे आकडे पाठ असावेत, कारण एक्सरेवरच्या मुळाशी ते ताडून पाहता येतात. पीझोचं टोक न कापणारं असतं म्हणून ते गटापर्चाच्या मऊ वाटेने जातं. पण जोर दिला, गती वाढवली, तर तेही वाट सोडतं. शेवटी पोस्टच्या किटमधलं त्याच मापाचं ड्रिल हाताने किंवा अगदी मंद गतीने फिरवा, म्हणजे पोस्टच्या आकाराचा खड्डा तयार होतो. ड्रिल आत असताना थांबवू नका, फिरत असतानाच बाहेर काढा. मध्ये मध्ये पाणी सोडून भुकटी धुवा. कोरडं ड्रिल मुळाला तापवतं आणि बाहेरच्या लिगामेंटला भाजतं.

मग पोस्ट कोरडी घालून एक्सरे घ्या. पोस्टचं टोक आणि गटापर्चा यांच्यामध्ये काळी फट दिसता कामा नये. फट दिसली तर तिथे बहुतेक सैल गटापर्चा किंवा भुकटी अडकलेली असते.

भिंत साफ करणं

ड्रिलच्या उष्णतेने गटापर्चा आणि सीलर मऊ होतात आणि लोण्यासारखे भिंतीवर सारवले जातात. त्यात डेंटिनची भुकटी मिसळते. हा दुसऱ्या फेरीचा स्मिअर लेयर (सारवलेला थर) रूट कॅनाल करताना झालेल्या पहिल्यापेक्षा चिवट असतो, आणि तो नुसत्या इरिगेशनने जात नाही. त्याला घासावंच लागतं.

माझा क्रम असा. आधी लूप्स किंवा मायक्रोस्कोपखाली प्रकाश टाकून कॅनालच्या चारही भिंती पाहते. गुलाबी किंवा पांढरट चकाकी दिसली की तिथे सीलर किंवा गटापर्चा आहे असं समजते. स्वच्छ डेंटिन मंद, पिवळसर आणि किंचित खरखरीत दिसतं. अंडाकृती कॅनालमध्ये ड्रिल गोल फिरतं आणि दोन्ही टोकांच्या कोपऱ्यांत सीलर तसाच राहतो. तिथे बारीक अल्ट्रासॉनिक टिप कमी पॉवरवर हलकेच भिंतीवरून फिरवते, पाण्याबरोबर. ज्यांच्याकडे ती सोय नाही त्यांनी हेडस्ट्रॉम फाइल भिंतीला टेकवून वर ओढत कोपरे खरवडावेत. वेळ जास्त लागतो, पण होतं.

त्यानंतर १७ टक्के ईडीटीए (कॅल्शियम ओढून घेणारं द्रव) एक मिनिट, आत सुई किंवा मायक्रोब्रशने ढवळत. ढवळणं महत्त्वाचं, नुसतं भरून ठेवलं तर तळाचं द्रव जागचं हलत नाही. मग भरपूर डिस्टिल्ड वॉटर.

सोडियम हायपोक्लोराइट शेवटचं इरिगंट म्हणून ठेवू नका. ते कॅनाल निर्जंतुक करायला अप्रतिम आहे, पण त्याने भिंतीवर उरणारा ऑक्सिजन रेझिनचं पॉलिमरायझेशन अडवतो. हायड्रोजन पेरॉक्साइडचंही तसंच. हायपोक्लोराइट वापरलं असेल तर त्यानंतर ईडीटीए आणि पाण्याने नीट धुवा. १० टक्के सोडियम ॲस्कॉर्बेट काही मिनिटं ठेवल्याने त्याचा हा दुष्परिणाम कमी करता येतो, हेही लक्षात असू द्या. आणि हायपोक्लोराइटवर थेट क्लोरहेक्सिडीन ओतू नका. दोन्ही एकत्र आले की तपकिरी-नारिंगी साका तयार होतो आणि भिंतीवर बसतो. ईडीटीएबरोबर क्लोरहेक्सिडीनचा पांढरा साका होतो. प्रत्येक द्रवाच्या मध्ये पाणी, एवढी सवय लावून घेतली की हा प्रश्नच येत नाही.

वाळवायला पेपर पॉइंट. तीन-चार लागतात, आणि शेवटचा टोकापर्यंत कोरडा निघाला पाहिजे. त्याच्या टोकावर तपकिरी किंवा गुलाबी डाग आला तर परत मागे जाऊन धुवा. थ्री-वे सिरिंजची हवा कॅनालमध्ये मारू नका. त्या हवेबरोबर तेलाचा आणि पाण्याचा अंश येतो, आणि कुठे छिद्र राहिलं असेल तर हवा ऊतींमध्ये शिरून सूज येते. फार कोरडंही करू नये. सेल्फ-ॲडहेसिव्ह सिमेंटला काम सुरू करायला किंचित ओल लागते, आणि एच केलेल्या (आम्लाने खरवडलेल्या) डेंटिनचं कोलॅजन वाळलं की कोसळतं.

इथवर आल्यावर मी परत एकदा आत पाहते. हे शेवटचं पाहणं कधीच टाळत नाही.

पोस्टची तयारी

ट्राय-इनच्या (कोरडी घालून पाहण्याच्या) वेळी पोस्टला लाळ, रक्त, हातमोज्याची पावडर असं काहीही लागलेलं असतं. अल्कोहोलने पुसून वाळवा. मग सिलेन (काच आणि रेझिन जोडणारं द्रव) लावून सुमारे एक मिनिट थांबा आणि हलक्या हवेने सुकवा. इपॉक्सीच्या पोस्टला सिलेन फारसं जोडलं जात नाही, ते उघड्या पडलेल्या काचेच्या तंतूंना जोडलं जातं, त्यामुळे त्याच्याकडून फार मोठी अपेक्षा ठेवू नये. तरी ते पृष्ठभाग ओला करतं, सिमेंट पसरायला मदत करतं, म्हणून मी लावते. काही जण पोस्ट २४ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये एक मिनिट बुडवून तंतू उघडे करतात. ते केलं तर नंतर पाण्याने खूप धुवावं लागतं, कारण ऑक्सिजनचा तोच प्रश्न इथेही आहे. हायड्रोफ्लोरिक ॲसिड सिरॅमिकसाठी आहे, ग्लास फायबरच्या पोस्टला ते लावू नका, तंतूच खाल्ले जातात.

लांबी कापायची तर पाण्याखाली डायमंड बर किंवा डिस्कने. वायर कटर किंवा पक्कडीने दाबून कापलं की तंतू चिरडतात आणि पोस्ट टोकाकडून फाटत जाते. स्वच्छ केलेली पोस्ट फक्त वरच्या टोकाला ट्विझरने धरा, खाली ठेवू नका.

कोणतं सिमेंट

इथे दोन वाटा आहेत. पहिली: ३७ टक्के फॉस्फरिक ॲसिडने १५ सेकंद एच, धुणं, पेपर पॉइंटने जादा पाणी काढणं, बाँडिंग एजंट, मग ड्युअल क्युअर (प्रकाशाने आणि आपोआप, दोन्ही तऱ्हेने घट्ट होणारं) सिमेंट किंवा ड्युअल क्युअर कोअर मटेरियल. दुसरी: सेल्फ-ॲडहेसिव्ह रेझिन सिमेंट, ज्यात एच नाही, वेगळं बाँडिंग नाही.

पहिली वाट हातखंडा असलेल्याला चांगली, पण प्रत्येक पायरीला चूक व्हायला जागा आहे. ॲसिडचं जेल तळाशी राहतं, पाणी साचतं, बाँडिंग एजंट तळाशी डबकं करून क्युअर होतो आणि मग पोस्ट २ मिमी वर अडते. ही वाट घेतली तर बाँडिंग एजंट एंडोच्या बारीक मायक्रोब्रशने चोळून लावा आणि क्युअर करण्याआधी पेपर पॉइंटने तळाचा जादा अंश उचलून घ्या. आणखी एक गोष्ट कायम लक्षात ठेवा: एका बाटलीतले आम्लधर्मी ॲडहेसिव्ह सिमेंटमधल्या अमाइनला (घट्ट होणं सुरू करणाऱ्या घटकाला) निकामी करतात, आणि त्या जोडीत सिमेंट नुसतं केमिकली घट्ट होत नाही. त्यासाठी ड्युअल क्युअर ॲक्टिव्हेटर मिसळावा लागतो, किंवा मुळात तशी रचना असलेली जोडी वापरावी लागते. एका कंपनीचा बाँड आणि दुसऱ्याचं सिमेंट, असं डोळे झाकून जोडू नका. एच केल्यावर २ टक्के क्लोरहेक्सिडीन एक मिनिट ठेवलं, तर कोलॅजन खाणारी डेंटिनमधली एन्झाइम दबतात आणि बाँड जास्त टिकतो.

सेल्फ-ॲडहेसिव्ह सिमेंट सुरुवातीला आम्लधर्मी असतं, डेंटिनमधल्या कॅल्शियमशी जोडलं जातं आणि घट्ट होता होता त्याची आम्लता उतरते. ते स्मिअर लेयरमधून आत फारसं खोल जात नाही, म्हणून भिंत साफ करणं या वाटेवर अधिकच महत्त्वाचं. डेंटिन फॉस्फरिक ॲसिडने एच करून त्यावर हे सिमेंट वापरू नये, उघडं कोलॅजन भरून काढण्याइतकं ते पातळ नसतं. मायक्रोस्कोप नसलेल्या, एकट्या असिस्टंटवर चालणाऱ्या क्लिनिकसाठी मी हीच वाट सुचवते, कारण पायऱ्या कमी म्हणजे चुका कमी. मी स्वतः बहुतेक दातांना हेच वापरते.

फक्त लाइट क्युअर सिमेंट कॅनालमध्ये कधीही नको. पारदर्शक पोस्टमधून थोडा प्रकाश खाली जातो, पण तळापर्यंत पोचेतो तो फारच क्षीण झालेला असतो.

बसवणं

सिमेंट फ्रिजमधलं असेल तर आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. खोली गरम असेल तर काम करायला वेळ कमी मिळतो, हे गृहीत धरून पोस्ट, ब्रश, लाइट, सगळं हाताशी मांडा. असिस्टंटला क्रम आधी सांगून ठेवा.

ऑटोमिक्स सिरिंजला कॅनालची लांब, बारीक टिप लावा. पहिला थोडा अंश बाहेर पॅडवर टाका, तो नीट मिसळलेला नसतो. टिप तळापर्यंत न्या, सिमेंट सोडत सोडत हळू वर या, आणि टिपचं टोक कायम सिमेंटमध्ये बुडालेलं ठेवा. टोक बाहेर आलं की हवा अडकली. लेंटुलो (सिमेंट भरायची फिरती स्प्रिंग) फिरवू नका, त्याच्या फिरण्याने बरीचशी सिमेंट आधीच घट्ट व्हायला लागतात आणि पोस्ट अर्ध्यावर अडकते. पोस्टवरही सिमेंटचा पातळ थर लावा.

पोस्ट हळू, एका दमात, हलकेच थरथरवत खाली न्या. कडेने जादा सिमेंट वर आलं पाहिजे. न आलं तर आत कमी आहे. पोस्टवर आधी केलेली लांबीची खूण दाताच्या कडेशी जुळली का हे पाहा. बोटाने स्थिर दाब द्या. जादा सिमेंट मायक्रोब्रशने पुसून घ्या. लगेच लाइट मारू नका. सिमेंटच्या सूचनेत सांगितली असतील तेवढी मिनिटं ते आपोआप घट्ट व्हायला द्या, म्हणजे आकसण्याचा ताण थोडा वाहून सुटतो. मग लाइटचं टोक पोस्टच्या डोक्यावर सरळ टेकवून ४० ते ६० सेकंद. लाइटची ताकद रेडिओमीटरवर अधूनमधून तपासत जा. टिपला चिकटलेला कॉम्पोझिटचा पापुद्रा किती प्रकाश खातो, हे पहिल्यांदा मोजताना मी थक्क झाले होते.

रुंद आणि अंडाकृती कॅनाल

वरचे कॅनाइन, काही प्रीमोलर, तरुण पेशंटचे इन्सायझर, इथे गोल पोस्ट सैल बसते. मोठी पोस्ट घालून दात पोखरण्याऐवजी पोस्टलाच कॅनालचा आकार द्यावा. कॅनाल ओला करून आत ग्लिसरीनचा पातळ हात फिरवा. सिलेन आणि बाँडिंग लावलेल्या पोस्टभोवती कॉम्पोझिट लपेटा, ती आत दाबून बसवा, वरून काही सेकंदच लाइट मारा आणि हलवत बाहेर काढा. ती बाहेर येते तेव्हा तिच्यावर कॅनालची प्रत्येक चीर, प्रत्येक खळगा उमटलेला असतो. बाहेर पूर्ण क्युअर करा. ग्लिसरीन कॅनालमधून आणि पोस्टवरून पाण्याने पूर्ण धुवा, भिंत पुन्हा तपासा, मग नेहमीप्रमाणे सिमेंट. खाली अंडरकट (आत रुंदावलेली जागा) असेल तर मात्र ही पोस्ट अडकून बसू शकते, म्हणून लाइट कमी वेळ मारायचा आणि लगेच हलवून पाहायचं.

कोअर आणि पुढे

पोस्ट घट्ट झाली की त्याच भेटीत कोअर भरा. पोस्टचं डोकं कॉम्पोझिटने झाका, निदान एक-दीड मिमी. उघड्या टोकातून तंतूंच्या बाजूने ओल शिरते आणि पोस्ट आतून फुसकी होत जाते. क्राउनसाठी दात कापायचं काम मी शक्यतो पुढच्या भेटीला ठेवते, कारण नुकत्याच बसलेल्या थराला टर्बाइनचे हादरे द्यायला मन धजत नाही. तोपर्यंत कोअर चावण्यात येणार नाही इतका खाली ठेवते. शेवटचा एक्सरे घ्या आणि जपून ठेवा. पोस्टभोवतीची काळी रेघ, टोकाखालचा बुडबुडा, सगळं त्यात दिसतं, आणि पुढच्या तपासणीला तुलना करता येते.

सुटून आलेली पोस्ट

पेशंटने पोस्ट आणली तर ती कचऱ्यात टाकण्याआधी भिंगाखाली पाहा. सिमेंट पोस्टवर असेल तर बाँड डेंटिनशी सुटला, म्हणजे साफसफाई, ओल किंवा युजेनॉल यांपैकी कुठेतरी चूक आहे. सिमेंट कॅनालमध्ये आणि पोस्ट गुळगुळीत निघाली असेल तर पोस्टची तयारी चुकली. सिमेंट चिकट, दाबलं की दबेल इतकं मऊ असेल तर ते घट्टच झालं नव्हतं. बहुतेक वेळा ॲडहेसिव्हची जोडी जुळलेली नसते किंवा प्रकाशावर जास्त विसंबलेलं असतं. पोस्ट कॅनालमध्येच मोडली असेल तर फेरूल आणि चाव्याकडे पाहा.

मग मुळाला उभी चीर नाही ना हे मायक्रोस्कोपखाली, मेथिलीन ब्लू लावून, आणि पेरिओ प्रोबने एकाच जागी अरुंद खोल खड्डा लागतो का हे पाहून ठरवा. मूळ शाबूत असेल, तोंडाशी लाळ शिरल्याला फार दिवस झाले नसतील आणि तळाचा गटापर्चा स्वच्छ दिसत असेल, तर जुनं सिमेंट अल्ट्रासॉनिकने काढून पुन्हा सुरुवातीपासून पोस्ट बसवता येते. कित्येक आठवडे कॅनाल उघडा राहिला असेल तर आधी रूट कॅनाल पुन्हा करा. माझ्या त्या पेशंटचा क्राउन तीन दिवसांपूर्वीच सुटला होता. भिंतीवरचा गुलाबी पापुद्रा काढायला चाळीस मिनिटं लागली, आणि त्यानंतरच नवी पोस्ट बसवली.